गोबरगॅसच्या टाकीत पुडी टाकून डिझेल निघत नाही भाऊ

सध्या गावोगावच्या ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरून राहिला: "गोबरगॅसच्या टाकीत जीन बदललेल्या जंतूंची पुडी टाका, रोज 10 लिटर डिझेल काढा." खाली कोणीतरी जोडलं, हे जंतू वावरात सुटले तर जमीन नापीक. दोन्ही बाता आहेत.

आता सगळंच खोटं नाही त्यात, म्हणून तर लोकं फसतात. गोबरगॅसमधला जळणारा वायू म्हणजे मिथेन; तो खाणारे जिवाणू 1906 पासून माहीत आहेत, 2016 मध्ये अमेरिकेत त्यातल्याच एका जातीत जीन घालून लॅक्टिक ॲसिड बनवलं, आणि बंगळुरूची स्ट्रिंग बायो मिथेनवर जिवाणू वाढवून प्रोटीन बनवते.

पण टाकीत टाका म्हणते! अरे बापा, ज्या जिवाणूंवर हे काम चालते त्यांना ऑक्सिजन लागतो, त्याच्याशिवाय ते मिथेनला तोंड लावत नाहीत, आणि आपल्या टाकीत गॅस बनतो तोच मुळी आत हवा नसते म्हणून. बरं, यांना जगवायला हवा सोडली तर शेणातून गॅस बनवणारे मरतील, वरून हवेत मिथेन 5 ते 15 टक्के झाला की नुसती ठिणगी पडायची बाकी. म्हणून फॅक्टरीत गॅस बनवायची टाकी आणि या जिवाणूंची टाकी वेगळ्या ठेवाव्या लागतात, आणि तिथंही खरी कटकट वेगळीच, मिथेन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, लिटरभर पाण्यात जेमतेम 20-22 मिलिग्रॅम, तो जिवाणूपर्यंत पोचवायलाच पंप घुसळत बसतात आणि विजेचं बिल वाढते. आपल्याकडं तर मोटरची लाईन रात्री येते.

10 लिटरचं म्हणाल तर 2 घनमीटरच्या घरगुती प्लांटात ढोरं चांगली असली तरी रोजचा मिथेन किलोभरही होत नाही. त्याची पूर्ण ताकद डिझेलमध्ये उतरली असं धरलं तरी लिटर-सव्वा लिटर, त्यातूनही जिवाणू बराच माल स्वतःच्या जगण्यावर उडवतो. बाकीचं काय विहिरीतून काढता? चुलीवर जाळा तो गॅस, स्वयंपाक तरी होते.

नापीक जमिनीचं तर काहीच्या काही. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत पाणी साचलं की चिखलात मिथेन बनतो, आणि तो खाणारे नैसर्गिक जिवाणू मुळांपाशी आधीपासून बसलेले असतात, पुण्याच्या आघारकर संस्थेनं धानशेतीतून असे वेगळेही काढलेत. जीन बदललेले मोकळे सोडायला मात्र 1989 च्या नियमांनुसार केंद्राच्या जीईएसीची, म्हणजे जीन बदललेल्या जीवांना मंजुरी देणाऱ्या समितीची, मंजुरी लागते. पुडी विकणाऱ्याले तो कागद मागा, व्हॉट्सॲपवरच पाठव म्हणा.