टायलरची आई आणि मी

नोव्हेंबरातल्या एका सकाळी आमच्या लंडनजवळच्या स्लाउच्या घरात दोन लॅपटॉप, तीन फोन आणि एक टॅब लावून आम्ही एका गाण्याच्या कार्यक्रमाच्या तिकिटांसाठी ऑनलाइन रांगेत बसलो होतो. माझ्या फोनवर माझ्यापुढे ३१ हजार माणसं होती. रेशनच्या रांगेत निदान पुढच्याची पाठ तरी दिसते. दीड तासानं दोन तिकिटं हाती लागली, छताला डोकं टेकेल अशा मजल्यावरची, आणि त्यावर कसलंकसलं शुल्क. दोन अशासाठी, की चिरंजीव १५ वर्षांचे, एकट्यानं जायचं नाही असं घरात ठरलेलं. आणि मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी आपली कंबर दुखणार आहे, हे ह्यांना सहा महिने आधीच ठाऊक होतं.

कलाकाराचं नाव टायलर, द क्रिएटर. स्वल्पविराम नावातच आहे, तो गाळला तर आमच्या घरात वाद होतो. लॉस एंजलिसचा रॅपर, सर्वोत्तम रॅप अल्बमचं ग्रॅमी दोनदा मिळालेलं. ‘क्रोमाकोपिया’ हा अल्बम त्यानं २८ ऑक्टोबर २०२४ ला काढला, आणि तोही नवे अल्बम शुक्रवारी काढायची रीत मोडून सोमवारी सकाळी. हे मला त्यातल्या त्यात बरं वाटलं. सोमवारी सकाळी काम सुरू करणारा माणूस अगदीच वाया गेलेला नसावा.

मग एकदा जेवताना चिरंजीव सहज म्हणाले, ‘‘याला २०१५ मध्ये इथे यायला बंदी केली होती ना. थेरेसा मे होम सेक्रेटरी होत्या तेव्हा.’’

माझा घास हातातच राहिला. आमच्या सासूबाईंच्या व्हिसासाठी आम्ही बँकेच्या स्टेटमेंटपासून गावच्या घराच्या उताऱ्यापर्यंत सगळं जोडलं होतं, आणि त्या माउलीनं उभ्या जन्मात भजनापलीकडे काही म्हटलेलं नाही.

‘‘बंदी? कशापायी?’’

‘‘जुन्या गाण्यांतले शब्द. आता उठली गं. २०१९ ला लंडनच्या पेकहॅममध्ये शो ठेवला होता त्यानं, पण एवढी गर्दी झाली की कॅन्सलच करावा लागला.’’

हे त्यानं मला धीर यावा म्हणून सांगितलं.

निघायच्या दिवशी माझी पर्स टेबलावर ठेवून चिरंजीवांनी तिच्यावर ए-फोरचा कागद अंथरला. यापेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही म्हणे. कागदाच्या चारी बाजूंनी पर्स बाहेर डोकावत होती. मग ती रिकामी झाली: बाम, ओव्याची डबी, घडीची छत्री, सेफ्टी पिनांचा जुडगा, कानात घालायला कापूस, चिवड्याची पुडी आणि एक दाभण. दाभण का आहे, याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. शेवटी कापूस कोटाच्या एका खिशात गेला, चिवडा दुसऱ्या.

ह्यांनी कंबर धरून दारातूनच माहिती पुरवली. कार्यक्रम आहे तो ओ-टू म्हणजे लंडनचा मिलेनियम डोम, १२ पिवळे खांब म्हणजे १२ महिने, व्यास ३६५ मीटर म्हणजे वर्षाचे दिवस, उंची ५२ मीटर म्हणजे आठवडे. इतकं पाठ होतं तर स्वतः जायचं होतं.

आमच्या जागा अशा चढावर होत्या, की माझ्या पुढच्या माणसाचं डोकं माझ्या पायांच्या रेषेत. लिंगाण्यावर बसून गाणं ऐकावं तसं. आधी पॅरिस टेक्सास नावाची जोडी आली. ना पॅरिसची ना टेक्सासची, लॉस एंजलिसचीच. पण कोल्हापुरी चप्पल कर्नाटकातल्या अथणीत होते हे माहीत असलेल्या माणसानं त्यावर काय बोलावं? मग लिल याटी नावाचा रॅपर. हा सगळा तांडा फेब्रुवारीत मिनेसोटातल्या सेंट पॉलहून निघाला होता आणि इथून पुढे पार ऑस्ट्रेलियापर्यंत जायचा होता. माझे मामा सांगलीचे, नाटकाच्या दौऱ्यावर प्रकाशयोजनेला जायचे. बसच्या टपावर सेट बांधून रात्रभर प्रवास, सकाळी कुठल्यातरी गावात खिळे ठोकायचे. त्यामुळे दौरा म्हटला की मला आधी हमालांची कणव येते.

अंधार झाला. कापूस घातला, पण आवाज कानातून येतच नव्हता, बरगड्यांतून येत होता. रंगमंचावर हिरव्या कंटेनरांची रास, जहाजावर चढवतात तसले. वर टायलर: हिरवा लष्करी पोशाख, केसांची दोन शिंगं, तोंडावर मुखवटा. पहिल्या ठोक्याला वीस हजारांचं प्रेक्षागृह ताडकन उभं राहिलं ते शेवटपर्यंत. खुर्चीचे पैसे भरून उभं राहण्याचा हा प्रकार मला नवीन होता. एकदा बसून पाहिलं, तर समोर नुसत्या जीन्सच्या पाठी.

चिरंजीवांची वेगळीच पंचाईत. गाणी तोंडपाठ, पण शेजारी आई. शिवी आली की ते खोकायचे. पहिल्या गाण्यात दोनदा, दुसऱ्यात सहादा. तिसऱ्या गाण्याला तर अशी उबळ आली, की पलीकडच्या मुलीनं पाण्याची बाटली पुढे केली.

मध्येच आगीचे लोळ उठले. त्यांची झळ आम्हाला वर बसली, आणि तेवढ्यात छतातून एक अख्खा पूल खाली आला. खाली उभ्या असलेल्या गर्दीच्या डोक्यावरून तो या टोकापासून त्या टोकाला टेकला. त्यावरून चालत टायलर पलीकडच्या छोट्या मंचावर गेला, तर तिथे चक्क दिवाणखाना. तिथे स्वतःच्याच जुन्या रेकॉर्डी चाळत बसला, एकेक काढून त्यातलं गाणं म्हणायला लागला. त्या पुलाखाली किती माणसं दोर, चाकं आणि वजनं सांभाळत असतील, या विचारानं मी गाणं ऐकायचंच विसरले. आमच्या मामांच्या नाटकात एक खिडकी होती, ती तिसऱ्या अंकात हमखास अडकायची.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. या अल्बमभर मधूनमधून एका बाईंचा आवाज येतो. त्या त्याच्या आई, बोनिटा स्मिथ. तुझ्यातला उजेड कुणासाठी कमी करू नकोस, असलं काहीबाही सांगत असतात. मला तिथलं जे मोजकं कळलं, त्यात हे सगळ्यात आधी. तोच सूर, तेच ‘ऐक माझं’. बाहेर मुखवटा, आग, कंटेनर, आणि आत आईचा व्हॉइस नोट! मी चिरंजीवांकडे पाहिलं. हे गृहस्थ माझे व्हॉइस नोट दुप्पट वेगानं ऐकतात. त्यात मी म्हणे खारीसारखी वाटते. आणि इथे त्यांना दुसऱ्याच्या आईचा शब्दन्‌शब्द पाठ, श्वासासकट.

‘‘ही त्याची आई ना?’’ मी ओरडून विचारलं.

‘‘हो! शूऽऽ!’’

बाहेर पडल्यावर ४० पौंडांचा टी-शर्ट झाला. भुयारी रेल्वेच्या दारापाशी पाऊण तास मुंगीच्या पावलानं. पुढच्या गाडीत जागा मिळाली, तोवर चिरंजीवांचा आवाज पूर्ण गेला होता. खिशातला चिवडा काढला. चुरा झाला होता. त्यांनी पुडीच तोंडात उपडी केली आणि खुणेनं आणखी आहे का विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी त्यांना निरोप पाठवला. कुकरमध्ये भात आहे, ताक फ्रिजमध्ये, घशासाठी हळद-दूध घे, दप्तर जिन्यात टाकू नकोस, आणि शेवटी आवाज जरा खाली आणून, उजेडाचं ते वाक्य मराठीत. एकूण सव्वातीन मिनिटं. तासभर काही नाही. मग उत्तर आलं:

‘‘दीडपट वेगानं ऐकलं.’’