त्या पैशांना उपकार म्हणू नका

परवा आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक काका म्हणाले, "कचरेवालीला दर महिन्याला पैसे कशाला? भंगार विकून मिळतातच की तिला." चार-पाच माना डोलल्या. मला तिथे नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

विकलं जातं ते पुठ्ठा, रद्दी, बाटल्या. तुमच्याआमच्या घरातला ओला कचरा कुठला भंगारवाला घेतो? तो रोज जिने चढून उचलायचा आणि वाहून न्यायचा, त्याची ही मजुरी आहे. 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था आहे आणि पुणे महापालिकेशी करार करून २००८ पासून हे काम करते. आपण दारात देतो ते पैसे ही थेट या बायकांची कमाई. मधे ठेकेदार नाही.

हे कुणी आणून दिलेलं नाही. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. हमालांची संघटना बांधणाऱ्या बाबा आढावांचं पाठबळ होतं, एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या कार्यकर्त्या वस्त्यांमधून हिंडत होत्या. तोवर खांद्यावर पोतं दिसलं की वॉचमन हाकलणार आणि चोरी झाली की पहिला संशय कचरा वेचणाऱ्या बाईवर. म्हणून आधी ओळखपत्रासाठी भांडण झालं. महापालिकेनेही त्या कार्डाला मान्यता दिली. गळ्यात कार्ड आल्यावर गेटवर "कुठं चाललीस?" विचारणाऱ्याला उत्तर देता येऊ लागलं.

बचत गट म्हटलं की आपल्याला पापड-लोणची आठवतात. या संघटनेत बचतीचा अर्थ फार वेगळा आहे. एरवी घरात आजारपण आलं की भंगारवाल्याकडून उचल घ्यायची, आणि मग माल त्याच्याच काट्यावर, तो म्हणेल त्या भावाने घालायचा. उचल फिटेपर्यंत दुसऱ्या दुकानाची पायरी चढायची नाही. संघटनेने स्वतःची पतसंस्था काढली ती यासाठी. कर्ज तिथून मिळालं की माल कुठे घालायचा हे बाई स्वतः ठरवते. मला यातली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

आमच्याकडे येणाऱ्या ताई पार्किंगच्या मागे बसून कचरा निवडतात. दुधाची पिशवी झटकतात, खोकं पायाने चेपून सपाट करतात. गेल्या महिन्यात माझ्यासमोर त्यांच्या हाताला कुणाचंतरी उघडं डायपर लागलं. हात पुसत म्हणाल्या, "ताई, कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायला सांगा सगळ्यांना, म्हणजे न उघडता कळतं. एवढंच." मला मान वर करवेना. आपण सुशिक्षित माणसं आहोत आणि एवढंही करत नाही!

रविवारी पुन्हा मीटिंग आहे. त्यांच्या मजुरीचा निर्णय त्यांच्या माघारी होऊ नये, म्हणून मी ताईंना यायला सांगितलंय. त्या म्हणाल्या, "येते की. पण एकटी नाय, संघटनेच्या बायका घेऊन येते."