मातीचे ब्लॉक, जेई साहेब आणि माझी जाडजूड फाईल

गेले चार महिने जो भेटेल तो विचारतोय, "काय रे, तुझं घर अडकलं म्हणे, मातीचं बांधतोयस म्हणून?" अडकलं वगैरे काही नाही. पण पळापळ झाली ती झालीच, एकदाच लिहून टाकतो म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

नाशकात पाथर्डी फाट्याच्या पुढे छोटा प्लॉट आहे, तळमजला आणि वर एक मजला, फ्रेम आरसीसीची आणि भिंती दाबलेल्या मातीच्या ब्लॉकच्या. माती म्हणजे आपली काळी नाही हां, ती पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात भेगाळते, तिचा ब्लॉक टिकत नाही. पायाच्या खड्ड्यातली वरची काळी बाजूला काढली, खालचा मुरूम चाळून घेतला, त्यात कच (दगडाचा चुरा), साधारण ८ टक्के सिमेंट आणि अगदी बेताचं पाणी, की हाताच्या मशीनमध्ये घालून दाबायचं. भट्टी नाही, कोळसा नाही, विटांचा ट्रक नाही. मग गोणपाट टाकून २८ दिवस पाणी मारत बसायचं. मिस्तरी पहिले आठ दिवस नुसता हसत होता, नंतर एक ब्लॉक रात्रभर बादलीत ठेवला आणि सकाळी जसाच्या तसा निघाला तेव्हा गप्प झाला.

प्लिंथ चेकिंगला, म्हणजे जोतं तपासायला, जेई (ज्युनियर इंजिनिअर) साहेब आले. कुठले, कोण ते लिहिणार नाही, माणूस सरळ होता, चहासुद्धा नको म्हणाले. जोत्याची मापं घेतली, सगळं ओके, आणि निघता निघता गोणपाटाखालची थप्पी दिसली.
"हे काय?"
"ब्लॉक आहेत सर, मुरूम आणि सिमेंटचे."
"म्हणजे मातीचेच ना! अहो पावसाळ्यात काय कराल? आणि नकाशात तर वीटकाम लिहिलंय."

इथे चूक आमची. आर्किटेक्टने सवयीने वीटकाम लिहून दिलं आणि मीही ते न वाचता सही केली.

त्या दिवशी राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण नंतर वाटलं, जुन्या नाशकात दर पावसाळ्यात धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात, कुठे भिंत पडली की सगळे आधी अधिकाऱ्यालाच धरतात. कागदावर सही त्यांची असते, नोकरी त्यांची जाते. अशा माणसाने माती शब्द ऐकून दचकायचं नाही तर काय करायचं?

माझा आक्षेप दुसराच आहे. भट्टीच्या विटेला आयएस १०७७ (आयएस म्हणजे भारतीय मानक) प्रमाणे कमीत कमी ३.५ मेगापास्कल ताकद लागते, पण साइटवर काय होतं? ट्रक खाली होतो, मिस्तरी दोन विटा एकमेकींवर वाजवून बघतो, झाली टेस्ट. तिचा रिपोर्ट मागताना मी तरी कुणाला बघितलं नाही. आणि माझ्या ब्लॉकचा आयएस १७२५ हा १९६० पासून आहे, बंगळूरच्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्थेत) सत्तरच्या दशकापासून यावर काम सुरू आहे, आणि लोक याला म्हणे नवीन मटेरियल समजतात!

राखेच्या विटेचं आठवतंय का? एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या आपल्या डोळ्यांसमोर, राखेचे ढीग तिथेच, तरी सुरुवातीला लोक म्हणायचे राखेचं घर कोण घेणार. मग १९९९ ला ही राख वापरण्याबद्दल केंद्राचं नोटिफिकेशन आलं, नियम पुढे कडक होत गेले, आणि आज तीच वीट कुणी शंकेने हातात घेऊन तपासतसुद्धा नाही, सरळ वापरतात. मागे सरकारी कागद उभा राहिला तशी लोकांची भीती गेली.

तर मीही कागद जमवले. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र, की लोड फ्रेम घेते भिंती घेत नाहीत, लिंटेलला (दारं-खिडक्यांच्या वर) आरसीसी पट्टा आहे, लॅबमध्ये ब्लॉक भिजवून दाबल्याचा रिपोर्ट, आयएसची कॉपी, सुधारित नकाशा. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या वेळी साहेबांनी सगळं वाचलं आणि म्हणाले, "हे आधीच आणलं असतंत तर?" बरोबर बोलले.

पण आधी आणायचं म्हणजे काय आणायचं हे कुठे लिहून ठेवलंय? माझा इंजिनिअर मित्र होता, रजा शिल्लक होत्या, म्हणून जमलं. बाकीचा माणूस पहिल्याच खेपेत कंटाळून विटा मागवतो. धरणांच्या कामाची माती तपासणारी मेरी ही सरकारी संशोधन संस्था आपल्याच दिंडोरी रोडला आहे, अशांना विचारून एक पानाची यादी करा ना, कुठलं मटेरियल, कुठला आयएस, कुठली टेस्ट, आणि ज्याला आयएसच नाही त्याला दिल्लीच्या बीएमटीपीसीचं (बांधकाम साहित्य तपासणारी केंद्राची संस्था) सर्टिफिकेट चालेल का नाही ते. लावा ऑफिसच्या भिंतीवर. युडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, ग्रीन रेटिंगवाल्या मोठ्या बिल्डिंगला जादा एफएसआय (जादा बांधकामाची परवानगी) मिळतो, आमच्यासारख्या एका घरवाल्याला एक पानसुद्धा नाही.

बँकेच्या व्हॅल्युअरची तर वेगळीच गंमत, तो सरळ "कच्चे बांधकाम" लिहायला निघाला होता, त्याला कॉलमवर हात ठेवून दाखवावं लागलं. त्यावर वेगळी पोस्ट.

भिंती लिंटेलच्या वर गेल्यात, भोगवटा दाखला अजून बाकी आहे. कुणाला फाईलमधल्या कागदांची झेरॉक्स हवी असेल तर कमेंट करा, इनबॉक्स मी बघत नाही. ब्लॉक बघायला रविवारी सकाळी या, त्या दिवशी मिस्तरी नसतो, पाणी मीच मारत असतो.