शून्य साठा कुठं ठेवायचा?

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावात नाहीतर शिरोलीत फौंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, टाकायचं तुमचं पक्कं ठरलं असेल, तर आधी राहत्या घरातली एक खोली मोकळी करा. मोटार कंपनीचा शून्य साठा तिथं ठेवायचा आहे.

घाबरू नका. शून्य साठा दिसायला जरा मोठा असतो, एवढंच. माझ्या शेडमध्ये सध्या तो ब्रेक ड्रमच्या रूपानं पत्र्याला टेकला आहे. पावसाळ्यात त्याच्यावर तांबूस गंज धरतो, म्हणून दर आठवड्याला दोन माणसं लावून त्याला तेल पुसावं लागतं. तिकडं कंपनीच्या प्लँटमध्ये साहेब पाहुण्यांना फिरवताना छाती फुगवून सांगतात, "आमच्या लाइनवर दोन तासांचाच माल असतो." खोटं बोलत नाहीत ते. बाकीचा वीस दिवसांचा माझ्याकडं असतो.

साठा न ठेवायची ही विद्या जपानची. टोयोटाच्या ताइची ओनोंनी ती कारखान्यात बसवली. लागेल ते, लागेल तेव्हा, लागेल तेवढंच बनवायचं, याचंच नाव 'जस्ट इन टाइम'. पुढच्या टप्प्यानं कार्ड पाठवलं की मागच्यानं हात हलवायचा. त्या कार्डाला कानबान म्हणतात. अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाईक उचलेल तेवढीच फळी मागून भरतात, त्यावरून त्यांना हे सुचलं. एवढ्या लांब बघायची काय गरज होती? रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर आले असते तर भागलं असतं. म्हैस उभी आहे, तुम्ही ग्लास मागितला की धार काढणार, फेस बसायच्या आत तुम्ही पिणार. मागणी नाही, तर धार नाही. फ्रिज नाही, गोदाम नाही, कानबान म्हणजे तुमच्या हातातला रिकामा ग्लास. मात्र गवळ्याला एक गोष्ट कळते, ती खरेदी खात्याला कळत नाही. रात्री धार हवी असेल तर म्हशीला दिवसभर वैरण आणि पेंड घालावी लागते. आणि त्या वैरणीचे पैसे गिऱ्हाईक ग्लास खाली ठेवायच्या आत देतं, नव्वद दिवसांनी नाही.

तर पैसे. पैशाच्या बाबतीत 'जस्ट इन टाइम' हा शब्द तोंडातून काढू नका, बरं दिसत नाही. तसा 2006 चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा आहे. छोट्याचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. हा कायदा छान फ्रेम करून 5एसच्या, म्हणजे कारखाना नीटनेटका ठेवायच्या नियमांच्या, बोर्डाशेजारी लावा. ऑडिटला आलेले साहेब फ्रेम सरळ आहे का ते बघतील, तिरकी असेल तर गुण कापतील. पुढं प्राप्तिकरात 43बी(एच) आलं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी खर्चाची वजावट नाही. तेव्हा एका गिऱ्हाइकानं मला फार प्रेमानं विचारलं, "तुमचं ते छोटा उद्योग असल्याचं उद्यम सर्टिफिकेट जरा बाजूला ठेवता येईल का हो?" कायद्याप्रमाणं व्याज मागायचा मोह झालाच तर अवश्य मागा. पुढच्या महिन्याच्या मागणीचं शेड्यूल शून्य येईल आणि तुम्हाला एकदाचा खरा शून्य साठा बघायला मिळेल.

शेड्यूलवरून आठवलं. टोयोटात म्हणे उत्पादन महिनाभर सपाट ठेवतात, रोज साधारण तेवढंच, म्हणजे मागचा माणूस कधी मरमर मरत नाही आणि कधी माशाही मारत नाही. हा भाग आपल्याकडं भाषांतरात गळला. मला एक तारखेला 2,000 नगांचं शेड्यूल येतं, बारा तारखेला ते 1,400 होतं आणि वीस तारखेला रात्री साडेदहाला फोन येतो, "2,600 करा, अर्जंट आहे." तोवर सकाळचे साचे भरून झालेले असतात, आतल्या पोकळीसाठीचे कोअर बसलेले असतात, भट्टीत लोखंड 1,400 अंशांवर वितळलेलं असतं. त्याला 'साहेबांचं ठरेपर्यंत थांब रे बाबा' म्हणता येत नाही. लाडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, घेतलं की ओतावंच लागतं, आणि ओतलेलं परत दुधासारखं म्हशीत जात नाही. तेव्हा तुम्ही असं करा, तिन्ही शेड्यूलचा माल आधीच ओतून ठेवा. जागेचं सुरुवातीलाच बोललो आहे.

दोरीचंही ऐकून ठेवा. टोयोटाचे मूळ पुरुष साकिची तोयोदा हे मागवाले. त्यांच्या 1924 च्या मागाचा धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. इचलकरंजीकरांना त्याची किंमत वेगळी सांगायला नको. त्याच विचारातून मोटारीच्या लाइनवर दोरी आली. दोष दिसला की कुठल्याही कामगारानं ओढावी. तुम्हालाही दोरी मिळते, पण ती तुमच्या गळ्यात असते. तुमच्या मालावाचून त्यांची लाइन थांबली तर मिनिटाच्या हिशेबानं डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याची चिठ्ठी, येते. म्हणून शहाणा माणूस भरलेला ट्रक प्लँटच्या गेटबाहेर दोन दिवस आधीच उभा करतो. ड्रायव्हर खाली स्टोव्ह पेटवून भात लावतो, वर ताडपत्रीखाली शून्य साठा झोपलेला असतो.

ही पद्धत कधी फसत नाही. फक्त आग, भूकंप आणि पाऊस सोडून. 1 फेब्रुवारी 1997 ला पहाटे टोयोटाच्या पुरवठादाराच्या, ऐसिन सेइकीच्या, कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. ब्रेकचा एक चिमूटभर व्हॉल्व्ह टोयोटाला जवळपास सगळा तिथूनच जायचा आणि हाताशी साठा जेमतेम तासांचा. टोयोटाच्या जपानमधल्या बहुतेक लाइनी थांबल्या. मग आजूबाजूचे सगळे धावले, शिलाई मशीनवाल्या ब्रदरनंसुद्धा ते व्हॉल्व्ह करून दिले. 2011 च्या भूकंपानंतर तर टोयोटानंच पुरवठादारांना सांगितलं, चिपांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवा. ज्यांचा हा धर्म त्यांनी उपास सोडला. आपण मात्र कडक पाळतो, कारण उपाशी शेजारी राहतो.

आमची परीक्षा ऑगस्ट 2019 मध्ये झाली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. पाणी 55 च्या वर गेलं. शिरोलीजवळ पुण्याचा महामार्ग दिवसच्या दिवस बंद. माझा ट्रक तावडे हॉटेलच्या अलीकडं रांगेत. साहेबांचा फोन आला.

"रोड आहे का नाही?"

"रोड आहे साहेब. पाण्याखाली आहे."

"पर्यायी मार्ग बघा ना. मला इथं मॅपवर निळी रेघ दिसतीय."

"ती पंचगंगा आहे साहेब."

पाणी उतरल्यावर पहिली मेल आली ती 'कसे आहात'ची नव्हती. उशिराबद्दल व्हाय-व्हाय अहवाल मागितला होता. एका चुकीला पाच वेळा 'का' विचारायचं, तेही टोयोटाचंच. मी प्रामाणिकपणे भरला. माल उशिरा का? रस्ता बंद. रस्ता का बंद? नदी आली. नदी का आली? धरणं भरली, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले. का उघडले? पाणी भरलं की आपोआप उघडतात, त्यांना कुणाची डेबिट नोट येत नाही. पाणी का भरलं? पावसाळा होता. अहवाल परत आला. शेरा: 'मूळ कारण पुरवठादाराच्या नियंत्रणातलं लिहावं.' मग लिहिलं, पुरवठादारानं पावसाळ्याआधी पुरेसा साठा पुढं नेऊन ठेवला नाही. उपाय: पुण्याकडं स्वखर्चानं भाड्याचं गोदाम घेणार. एका तासात मंजूर.

जुलै 2021 ला पंचगंगा पुन्हा महामार्गावर आली. तेव्हा गोदामातला माल वेळेवर पोचला, आणि त्या वर्षीच्या पुरवठादार मेळाव्यात साहेबांनी पडद्यावर आलेख दाखवला: कंपनीचा साठा आणखी कमी झाला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला एक तुळशीचं रोप आणि पुढच्या वर्षीच्या दरकपातीचं पत्र मिळालं.

गोदामाचं भाडं आता परवडत नाही, म्हणून सुरुवातीला खोलीचं बोललो. शक्यतो माडीवरची बघा. तळमजल्यात पाणी येतं.