इंटरव्ह्यू क्लिअर झाला म्हणे

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज. 'पहिलीच्या अ‍ॅडमिशनचा इंटरव्ह्यू क्लिअर! आईबाबांचा पण!' खाली टाळ्या, पेढे, केक. माझा चहा तिथेच गार झाला.

अरे पहिलीला इंटरव्ह्यू घेताच येत नाही! आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३, मुलाची पण चाळणी लावायची नाही आणि आईबापाची पण नाही. पहिल्यांदा सापडली शाळा तर २५ हजारांपर्यंत दंड, नंतर दर वेळी ५० हजारांपर्यंत. २०१० पासून लागू आहे हे. आणि आपण पेढे वाटतोय.

मला लगेच आठवले ते आमचे रिक्षावाले दादा. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचा आरटीईच्या पंचवीस टक्क्यांतला (खासगी शाळेत गरीब घरच्या मुलांसाठी राखीव, फुकट जागा) फॉर्म मीच भरला होता, माझ्या मोबाईलवरून, नकाशावर घराची खूण तीनदा सरकवून, कारण शाळेपासूनचं अंतर चुकलं की संपलं. लॉटरीत नंबर लागला! दादांनी उत्पन्नाचा दाखला चक्क लॅमिनेट करून आणला, पावसात भिजू नये म्हणून. पडताळणी समितीसमोर गेलो तर साहेब म्हणाले, भाडेकरार नोटरीचा चालत नाही, रजिस्टर पाहिजे. आधार गावचं. आता दहा बाय बाराच्या खोलीचा कुठला मालक रजिस्टर करार करून देतो हो? त्याला वाटतं उद्या हा खोलीवर हक्क सांगेल. अ‍ॅडमिशन गेली. पाच मिनिटांत.

बरं, मान्य आहे, खोटे करार करून, खोटे दाखले काढून गाडीवाले लोक पण घुसतात यात, त्यामुळे तपासणी हवीच. पण मग दोन्हीकडची करा ना! दादांचा कागद उजेडात धरून बघितला त्यांनी. शाळेचं रजिस्टर कधी बघितलं असं उजेडात धरून? इंटरव्ह्यूला कोणाला बोलावलं, का बोलावलं, 'डोनेशन' कुठल्या नावाखाली घेतलं, हे विचारायला महापालिकेचं शिक्षण खातं कधी गेलंय का कुठे? कॅपिटेशन फी, म्हणजे ठरलेल्या फीच्या वर डोनेशन घेतलं तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे कायद्यात, दहापट!! कागदावर.

आणि सरकारचं तर विचारूच नका. फेब्रुवारी २०२४ ला नियम काढला की एक किलोमीटरच्या आत सरकारी नाहीतर अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला पंचवीस टक्के द्यायची गरजच नाही. म्हणजे शहरात जवळपास सगळ्याच सुटल्या. हायकोर्टाने जुलैत रद्द केला म्हणून वाचलो. शाळावाले म्हणतात सरकार या मुलांच्या फीचे पैसे वेळेवर देत नाही, वर्षाला पोरामागे १७,६७० ठरलेत तेही थकवतात. खरंय ते. पण त्याचा राग पोरांवर काढायचा?

(नवरा म्हणतोय पोस्ट टाकू नकोस, आपलं पोरगं त्याच शाळेत आहे.)

हो, आहे. आणि आम्ही पण दिला होता इंटरव्ह्यू. शर्टाला इस्त्री करून, 'घरी कुठली भाषा बोलता' याचं उत्तर आदल्या रात्री पाठ करून. तेव्हा कुठे गेलं होतं माझं कलम १३? कोणी आमचा भाडेकरार नाही मागितला. घर स्वतःचं ना.

दादांची मुलगी आता महापालिकेच्या शाळेत चौथीत आहे. बाई चांगल्या मिळाल्यात तिला, ते पण सांगायला हवं. दादा मला कधीच काही बोलले नाहीत. आजही सव्वासातला खाली हॉर्न वाजतो, माझ्या मुलाला त्या शाळेत तेच सोडतात, जिथे त्यांच्या मुलीचा नंबर लागला होता. तो लॅमिनेट केलेला दाखला अजून रिक्षाच्या डिकीत आहे म्हणे, एक वर्षाची मुदत असते त्याला, कधीच संपली, पण टाकवत नाही.

त्या वेळी मला माहीतच नव्हतं की कलम ३२ खाली महापालिकेकडे लेखी तक्रार करता येते आणि तीन महिन्यांत निकाल द्यावा लागतो त्यांना. आता माहीत आहे. इंटरव्ह्यूची तक्रार लिहून झालीय, दोन प्रती काढल्यात, एक पोच घ्यायला. ग्रुपवरच्या कोणाचं नाव घातलेलं नाही, घाबरू नका.

सोमवारी जातेय. कोण येतंय सोबत? अकरानंतर या, त्याआधी साहेब नसतात.