आधी पैसे द्या, बिलं नंतर मागा

सकाळपासून डोकं ठणकतंय. लिहिल्याशिवाय राहवेना.

माझ्याकडं बीएस्सीला शिकलेली बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली एक मुलगी आता पीएचडी करते. जांबोटी-कणकुंबीच्या रानात पावसाळ्यात उगवणारी अळंबी हा तिचा विषय. पायाच्या जळवा काढत चार पावसाळे काढलेत पोरीनं. दिल्लीच्या एका परिषदेत तिचं पोस्टर, म्हणजे संशोधन मांडणारा मोठा छापील तक्ता, स्वीकारलं गेलंय. आज बसस्टँडवर भेटली. म्हटलं, कधी निघालीस? तर म्हणाली, "जात नाही सर. ऑनलाईनच करतो म्हणून कळवलंय."

का, ते मला विचारावं लागलं नाही. परिषदेला जायला विद्यापीठ मदत देतं, पण नंतर. नोंदणी फी, तिकीट, राहणं, पोस्टरची छपाई, सगळं आधी स्वतः भरायचं. परत आल्यावर मूळ पावत्या, हजेरीचं सर्टिफिकेट, गाईडची सही, विभागप्रमुखांची सही जोडून फाईल द्यायची. मग वाट बघायची. ज्याच्या घरात पंधरा-वीस हजार वर्षभर अडकले तरी काही बिघडत नाही, त्यालाच ही मदत घेता येते. ज्याला गरज आहे तो अर्जच करत नाही.

मी 2007 साली असाच दिल्लीला गेलो होतो. आईनं भिशी लवकर उचलली आणि सहा हजार माझ्या हातात ठेवले. ते पैसे घराची कौलं बदलायला होते. खानापूरचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना कौलं म्हणजे काय ते सांगायला नको. खडेबाजारातून पाईपचा तुकडा आणला, त्यात पोस्टर गुंडाळून घातलं आणि गोवा एक्स्प्रेसच्या स्लीपरमध्ये दोन रात्री तो पाईप उशाशी घेऊन झोपलो.

परिषदेत एक वयस्कर शास्त्रज्ञ माझ्या पोस्टरपुढं वीस मिनिटं उभे राहिले. पेन्सिल काढली आणि एका नमुन्याची जात ओळखण्यात मी कुठं चुकलो ते कडेला काढून दाखवलं. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या वीस मिनिटांमुळं उभं राहिलं. ऑनलाईनमध्ये हे होत नाही हो. तिथं आठ मिनिटं बोलायचं, "एनी क्वेश्चन्स" म्हणायचं आणि खिडकी बंद. ऑनलाईनमुळं निदान नाव तरी लागतं, हे मान्य. पण नाव लागणं म्हणजे जाणं नव्हे.

लोक म्हणतात, फेलोशिप आहे की. कुणाला? नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली असेल त्याला 2023 च्या जानेवारीपासून महिना 37,000. विज्ञान शाखेला पहिली दोन वर्षं वर्षाला 12,000 कंटिन्जन्सी, म्हणजे किरकोळ खर्चाची रक्कम, ती रसायनांत आणि झेरॉक्समध्येच संपते. नेटशिवायची 8,000 ची फेलोशिप केंद्रीय विद्यापीठांतल्यांना. राज्य विद्यापीठात शिकणारी, जेआरएफ थोडक्यात हुकलेली आमची पोरगी यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. ती सकाळी ट्यूशन घेते आणि त्यावर रानात जायचा पेट्रोलचा खर्च काढते.

खोटी बिलं लावणारे असतात, परिषदेच्या नावानं फिरून येणारेही असतात. असतील. त्यांना पकडा. त्यांच्यासाठी हिला का अडवता? सरकारी नोकराला दौऱ्यावर जाताना प्रवासाची आगाऊ रक्कम मिळते. महिना पगार घेणाऱ्यावर विश्वास आहे आणि ट्यूशनवर जगणारीवर नाही, हा कुठला न्याय?

माझी फाईल अकरा महिने फिरली. एकदा तिकीट मूळ नाही म्हणून परत, एकदा सही जुनी म्हणून परत. तो पावसाळा आईनं ताडपत्रीखाली काढला. रात्री उठून गळतीखालची भांडी बदलायची आणि सकाळी भिशीचा हप्ता भरायची. मला एका शब्दानं बोलली नाही. शेवटी पैसे आले ते अठराशे कापून.

आणि आता आपल्यालाच विचारतो. उचगाव, कडोली, येळ्ळूर इथं साहित्य संमेलनं आपण स्वतःच्या बळावर भरवतो, त्याचा मला फार अभिमान आहे. यात्रेला घरटी पट्टी काढली की एक घर मागं राहत नाही. सीमाभागातली, महाराष्ट्राच्या दाव्यातली 865 गावं आपण झोपेतसुद्धा मोजतो. त्या गावांतली किती पोरं आज पीएचडी करतायत, हे आपल्यापैकी कुणी सांगू शकेल? मीही नाही. मंडळाच्या पट्टीतले थोडे पैसे वेगळे ठेवले आणि जाणाऱ्या पोराला तिकिटापुरते आधी हातात दिले, तर मंडप काही लहान होणार नाही. परत आल्यावर विद्यापीठाचे पैसे मिळाले की तो परत भरेल, पुढचा जाईल. विद्यापीठानं आगाऊ रक्कम द्यायलाच हवी, त्यासाठी भांडूच. पण परिषद पुढच्या महिन्यात आहे.

दुपारी तिला फोन केला. म्हटलं, ऑनलाईनचं रद्द कर, तिकीट मी काढतो. बराच वेळ बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "सर, पावत्या कुणाकडं द्यायच्या?"

कुणाकडं नाही गं बाळ.

जातानाचं तिकीट कन्फर्म झालंय. परतीचं वेटिंगला आहे. दिल्लीत निजामुद्दीनजवळ कुणाच्या ओळखीत मुलीला तीन रात्री राहता येईल असं घर असेल तर मला कळवा. पाईप माझ्याकडं अजून आहे, तो देतोय तिला.