‘सगळे ग्रह एकत्रच सरकतात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

वर्गकुंडल्यांवरून (राशीचे भाग पाडून मांडलेल्या उपकुंडल्यांवरून) अयनांश (राशिचक्राचा आरंभ वसंतसंपातापासून किती अंश पुढे धरायचा तो आकडा) पारखण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार मानण्याचा शिष्टाचार आहे आणि तो मी पाळतो. आपला मुख्य आक्षेप एका वाक्यात मावतो: “अयनांश कमी-जास्त केला की वर्गकुंडलीतले सगळे ग्रह एकत्रच सरकतात, त्यांचे परस्पर अंतर तेच राहते, मग कसोटी लागते कशाची?” जन्मवेळांची खात्री नाही, कुंडल्या लेखकानेच निवडल्या, घटना आधीच माहीत होत्या, असे शेरे त्याच्या मागेपुढे आहेत. शेवटी उपदेश आहे: “हे अग्रशाळेत बसून मारलेल्या गप्पांचे गणित आहे, लेखकाने शाळेतले भूमितीचे पुस्तक पुन्हा उघडावे.”

उपदेशापासूनच सुरुवात करतो, कारण आक्षेपापेक्षा तो आपण अधिक मन लावून लिहिलेला दिसतो. फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात निवृत्त होईपर्यंत मी गणितच शिकवले, त्यामुळे ते पुस्तक मिटण्याची संधी मला फारशी मिळाली नाही. अग्रशाळेचे, म्हणजे देवळालगतच्या धर्मशाळेचे, म्हणाल, तर माझे वडील पाडव्याला देवळात पंचांगवाचन करीत आणि एरवी गावच्या पत्रिका मांडीत. त्यांच्या वह्यांत प्रत्येक जन्माची इष्टघटी सूर्योदयापासून घटी-पळांत लिहिलेली आहे, शेजारी चित्रापक्षाचा (चित्रा ताऱ्यावरून राशिचक्राचा आरंभ ठरवणाऱ्यांचा) स्पष्ट रवी, म्हणजे सूर्याचे नेमके स्थान, आहे, आणि काही पानांवर त्याखाली बारीक अक्षरात रैवतपक्षाचाही (रेवतीतल्या ताऱ्यावरून आरंभ धरणाऱ्यांचा). दोन्ही पक्षांची पंचांगे आमच्या घरी येत असत. रैवतपक्षाच्या टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते आणि आपण तिळगूळ १४ ला का वाटतो, अधिक मास निराळा पडला की टिळक पंचांग पाळणाऱ्यांची चवथ (गणेशचतुर्थी) महिनाभर अलीकडे-पलीकडे का जाते, हे प्रश्न आमच्या ओसरीवर जेवणानंतर चर्चिले जात. ही चर्चा ज्यांना गप्पा वाटते त्यांनी गप्पा म्हणावे. पण ज्या माणसांनी आयुष्यभर घटी-पळे मोजली, त्यांची हेटाळणी टोपणनावाच्या आडून करू नये.

आता आपले ते वाक्य. नवांशापुरते, म्हणजे राशीचे नऊ भाग करणाऱ्या वर्गापुरते, ते बरोबर आहे, आणि नेमके म्हणूनच ते फसवे आहे. ग्रहाचे मेषारंभापासूनचे अंश नवाने गुणून पूर्ण चक्रे वजा केली की पारंपरिक नवांश जसाच्या तसा मिळतो. वृषभारंभ ३० अंशांवर, त्याची नऊपट २७०, म्हणजे मकर. वृषभेचे नवांश मकरेपासूनच सुरू होतात. जॉन ॲडी या इंग्रज अभ्यासकाने हार्मोनिक कुंडल्यांची जी मांडणी केली, तिच्यातले नववे हार्मोनिक हेच. अशा चक्रात अयनांश एक अंशाने बदलला तर प्रत्येक ग्रह नऊ अंशांनी फिरतो आणि कोन कायम राहतात. सप्तांशाचेही असेच आहे.

परंतु द्रेष्काण (राशीचे तीन भाग: पहिला त्याच राशीचा, दुसरा तिच्यापासून पाचवीचा, तिसरा नववीचा) आणि द्वादशांश (बारा भाग, त्याच राशीपासून क्रमाने) हे गुणाकाराचे वर्ग नाहीत, आणि माझ्या लेखातले कोष्टक मुख्यतः त्यांचेच होते. ते आपल्या नजरेतून सुटले कसे, हे मला खरोखरच कळत नाही. समजा, लाहिरी (चित्रापक्षाच्या) अयनांशाने शुक्र वृषभेत ० अंश ४० कलांवर (६० कला म्हणजे एक अंश) आणि गुरू मिथुनेत १५ अंशांवर आहे. द्रेष्काणात शुक्र वृषभेतच राहतो, गुरू तुळेत जातो, आणि दोघांचे षडाष्टक होते (एकापासून दुसरा सहावा-आठवा). आता पाश्चात्त्य ज्योतिषांचा फॅगन-ब्रॅडली अयनांश घ्या. तो लाहिरींहून सुमारे ५३ कलांनी मोठा आहे. शुक्र मागे येऊन मेषेच्या २९ अंश ४७ कलांवर पडतो, म्हणजे मेषेच्या तिसऱ्या द्रेष्काणात, धनूत. गुरू मिथुनेच्या १४ अंश ७ कलांवर येतो आणि द्रेष्काणातली तूळ रास सोडत नाही. षडाष्टकाचे त्रिएकादश (तिसरा-अकरावा) झाले. एक ग्रह वृषभेतून थेट धनूत गेला, दुसरा होता त्या राशीत राहिला. याला ‘एकत्रच सरकणे’ म्हणायचे असेल तर पुस्तक कोणी उघडायचे ते आपणच ठरवा.

द्वादशांशात हे आणखी उघड दिसते. मेषेचा शेवटचा द्वादशांश मीनेचा आणि वृषभेचा पहिला वृषभेचा. मधली मेष वगळली जाते. राशीची सीमा आकाशात कुठे धरायची, हाच अयनांशाचा सगळा वाद आहे, आणि हे दोन्ही वर्ग नेमके त्या सीमेवर उडी घेतात. भावंडांसाठी द्रेष्काण आणि आईवडिलांसाठी द्वादशांश पाहण्याची परंपरा आहे, म्हणून वडिलांच्या वह्यांतल्या घराण्यांवर मी ते लावून पाहिले आणि मला चित्रापक्ष अधिक जुळताना दिसला.

शिवाय नवांशातही आपण कोन मोजत नाही, राशी मोजतो. चित्रा आणि रैवत या पक्षांत जवळजवळ चार अंशांचा फरक आहे, आणि एक नवांश ३ अंश २० कलांचा. तेव्हा पक्ष बदलला की एकही ग्रह आपल्या नवांशात उरत नाही. उच्च, नीच, स्वगृह सगळे नव्याने मांडावे लागते. आपल्या वाक्यात याची दखल नाही.

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो. राहू मध्यम (सरासरी गतीचा) घेतला की स्पष्ट (प्रत्यक्ष स्थानाचा), हे लेखात लिहायला हवे होते. दोहोंत कधी कधी एक अंशाहून अधिक अंतर पडते. मी मध्यम घेतला होता.

उरलेल्या शेऱ्यांवर फार शाई खर्च करावीशी वाटत नाही. जन्मवेळ अर्ध्या तासाने चुकली तरी रवी कलाभर हलतो, आणि लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) मी कोष्टकात धरलेच नव्हते. कुंडल्या मी निवडल्या. वह्या माझ्या घरी आहेत, मग दुसऱ्या कोणी निवडायच्या होत्या? एखाद्याला भाऊ किती हे आधी माहीत असते, त्याला माझा इलाज नाही. चित्रापक्षाकडे माझा कल आहे हा ठपकाही मी घेतो, पण २१ मार्च १९५६ साठी २३ अंश १५ कला हा अयनांशाचा आकडा मेघनाद साहा यांच्या पंचांग-सुधारणा समितीने ठरवला, अग्रशाळेने नव्हे.

यापुढे लिहायचे असल्यास द्रेष्काणाच्या कोष्टकातली कोणती ओळ चुकली ते राशी-अंश-कलांसह लिहावे. तसे लिहिलेत तर मी पुन्हा गणित करीन. नुसत्या शेऱ्यांना यापुढे उत्तर देणार नाही.